खनिजाच्या जुन्या बार्जच्या होल्डात राहायची जागा करायची आहे, जाणकारांनी सविस्तर लिहावं

दुर्भाटकरीण:
नमस्कार मंडळी, सरळ विषयावरच येते. आमच्या घरची एक जुनी खनिजाची बार्ज (नदीतून माल वाहणारं सपाट तळाचं जहाज) आहे, ६० मीटर लांब, १२ मीटर रुंद, पूर्ण भरली की दीड हजार टन माल घ्यायची. गोव्यातल्या २०१२ च्या खाणबंदीत थांबली, मधे थोडी चालली, आणि मार्च २०१८ मध्ये खाणी परत बंद झाल्या तेव्हापासून झुआरीच्या काठाला बांधूनच आहे. आता खाणी हळूहळू सुरू होतायत पण एवढ्या वयाच्या बार्जला काम मिळणं कठीण, आणि दोन्ही इंजिनं उघडून दुरुस्त करायची ऐपत नाही. भंगारवाले येऊन किलोचा भाव सांगून जातात. दीर म्हणतात देऊन टाकूया, सासूबाई ऐकत नाहीत, त्यांचं म्हणणं हिच्या जिवावर घर चाललं, पोरांची शिक्षणं झाली, ती कापायची नाही. मलाही ते मनापासून पटतं.

मी घरांचे प्लॅन करते, जहाजाचं काम कधी केलेलं नाही. होल्ड, म्हणजे माल भरायचा उघडा खड्डा, ३६ मीटर लांब, ९ मीटर रुंद, खालच्या टँकटॉपपासून (होल्डाच्या तळाच्या पत्र्यापासून) कोमिंगच्या (होल्डाच्या तोंडाभोवतीच्या उभ्या पत्र्याच्या) वरच्या कडेपर्यंत उंची ४ मीटर भरते. म्हणजे ३२४ चौरस मीटरची एक सलग, खांब नसलेली जागा, वर आभाळ. पाच माणसांचं घर आणि पुढच्या टोकाला पाहुण्यांसाठी दोन खोल्या असं डोक्यात आहे. बार्ज चालवायची नाही, धक्क्यालाच राहील, पण गरज पडली तर टगने (ओढणाऱ्या बोटीने) ओढून यार्डात नेता यायला पाहिजे. सुरुवात कशापासून करू? फ्लोअरिंग, उष्णता, खिडक्या, परवाना, जे माहीत असेल ते लिहा.

निवृत्त_मास्टर:
बाय, आधी तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. मी मांडवी आणि झुआरीत बार्ज चालवण्यात आयुष्य काढलं, उसगाव, आमोणा, सावर्डे इकडून माल घ्यायचा आणि मुरगावला नेऊन द्यायचा. पावसात आग्वादचा रेतीचा बांध बंद झाला की मांडवीची सगळी बार्ज कुंभारजुवे कालव्यातून झुआरीत यायची, त्या कालव्यात दोन भरलेली बार्ज समोरासमोर आली की कसं वाटतं ते चालवणाऱ्यालाच माहीत.

प्लॅन, खिडक्या सगळं नंतर. होल्डाच्या खाली डबल बॉटम (दुहेरी तळातल्या टाक्या) आणि दोन्ही बाजूंना साइड टँक आहेत ना? (होल्ड ९ आणि बार्ज १२ म्हणजे असणारच.) ते टँक २०१८ पासून बंद असतील तर मॅनहोल उघडून कुणालाही आत उतरू देऊ नका. मालक, वेल्डर, भंगारवाला, कुणीच नाही. लोखंड गंजताना हवेतला ऑक्सिजन खातं. बंद टाकीत वर्षानुवर्षं गंज चढला की आतली हवा दिसायला हवाच, वास नाही, रंग नाही, पण माणूस शिडीवरून दोन पायऱ्या उतरला की कोसळतो. आणि मग वरचा माणूस त्याला काढायला धावतो आणि तोही जातो. जगभर जहाजांवर माणसं अशीच जोडीजोडीने मेलीत. सगळी मॅनहोलं उघडा, ब्लोअर लावून एका बाजूने हवा ढकला, दुसरीकडून निघू द्या, दिवसभर चालू द्या, मग मीटर दोरीला बांधून वर, मधे आणि तळाला सोडून बघा. उघड्या हवेत २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली आकडा दिसला तर आत पाय नाही. आणि आत माणूस असेपर्यंत वर एक माणूस उभा, तो फोनवर बोलत बसायचा नाही.

दुसरं, बार्ज रिकामी असली की शेपटीकडे बसते हे बघितलंच असेल. इंजिन, व्हीलहाऊस (सुकाणूची खोली), आमच्या राहायच्या खोल्या सगळं मागे, पुढे नुसता होल्ड. आत घर बांधलंत तर जमीन मागे उतरती होणार.

दुर्भाटकरीण:
मास्टर, टँकांचं सांगितलंत ते फार बरं केलंत. दीर पुढच्याच आठवड्यात माणूस उतरवणार होते, त्यांना आत्ताच सांगितलं. उतार आहे हे खरंय, होल्डातलं पावसाचं पाणी नेहमी मागच्या कोपऱ्यात साचतं, त्यामागे वजनाचं कारण असेल हे लक्षात आलं नव्हतं.

गेजिंगवाला:
मी वास्कोत सर्व्हेच्या कामात आहे, बार्ज बरीच बघितलीत. ताई, तुम्ही जमिनीवरची घरं करता म्हणून एक आकडा देतो तो पक्का लक्षात ठेवा, बाकी सगळं त्यातून निघतं. ६० गुणिले १२, टोकं निमुळती म्हणून त्याचे ९० टक्के, म्हणजे पाण्यावर टेकलेलं क्षेत्र ६५० चौरस मीटरच्या आसपास. याचा अर्थ ६.५ टन वजन चढवलं की बार्ज १ सेंटिमीटर खाली जाते. दीड हजार टन खनिज घातलं की २ मीटर ३० सेंटिमीटर खाली जायची. आता तुम्ही प्लाय, टाइल, किचन, कपाटं, पलंग, माणसं, सगळं धरून समजा ६० टन घातलेत, तर ती ९ ते १० सेंटिमीटर खाली जाईल. म्हणजे घर केलं तरी बार्जच्या दृष्टीने ती रिकामीच.

लोक विचारतात मग वांधा काय, हलकी तर हलकी. उलटायची भीती नाही, एवढी रुंद आणि उथळ बार्ज रिकामी असताना फार ताठ असते. वांधा तीन ठिकाणी आहे. एक तो शेपटीचा उतार. दुसरा वारा. रिकामी असताना तिची बाजू पाण्याच्या वर ३ मीटर, त्यावर कोमिंग, त्यावर तुमचं नवीन छप्पर, मागे केबिन, सगळं मिळून ३०० चौरस मीटरचा पत्र्याचा पडदा झाला. ताशी ७० किलोमीटरचा झोत आडवा आला तर त्यावर आठ-नऊ टनांचा रेटा बसतो, जूनच्या पहिल्या वादळात असा झोत सहज येतो, तेव्हा दोर आणि बोलार्ड (दोर बांधायचे खुंट) त्या हिशेबाने पाहिजेत. तिसरा म्हणजे लाटेवर उडी. ताठ बार्ज झटके देत हलते, बाजूने भरलेली बार्ज जोरात गेली की कपाटातल्या बश्या खाली.

म्हणून बॅलास्ट, म्हणजे बार्ज खाली बसवायला जादा वजन, घालायचं. साधारण ४० सेंटिमीटर खाली बसवायची म्हटलं तर २६० टन लागतील, आणि त्यातला मोठा वाटा पुढे, म्हणजे जमीन सपाट होते.

कुडतरीचो:
होल्डात तळाला चिरे (जांभा दगड) लावले तर? स्वस्त पडतील आणि आपले इकडचेच.

गेजिंगवाला:
चिरा नको. चिरा पाणी शोषून धरतो, लोखंडाला चिकटून ओला चिरा वर्षभर राहिला की खालचा पत्रा सडणार आणि तुम्हाला दिसणारही नाही. उरलेलं खनिज बॅलास्ट म्हणून ठेवा असंही काही जण सुचवतात, त्यालाही तेच उत्तर. काँक्रीट ओतून टाकू असं यार्डवाले सांगतील, कारण ते लवकर होतं. २६० टन म्हणजे १०८ घनमीटर काँक्रीट, पूर्ण होल्डभर पसरलं तर ३३ सेंटिमीटर जाडी. उंची तेवढी गेली आणि टँकटॉप कायमचा झाकला गेला, खाली गळती झाली तर फोडायला ब्रेकर आणावा लागेल.

माझ्या मते दोन चांगले मार्ग. सुटे काँक्रीटचे ब्लॉक, दोन माणसं उचलतील एवढ्याच वजनाचे, खाली रबराच्या पट्ट्या ठेवून हवा खेळेल असे रचायचे, म्हणजे बाजूला करून पत्रा बघता येतो. नाहीतर पुढचे डबल बॉटमचे टँक आतून साफ करून, इपॉक्सी मारून, गोड्या पाण्याने भरायचे. पण भरायचे तर काठोकाठ, नाहीतर पूर्ण कोरडे. अर्धा भरलेला टँक सगळ्यात वाईट, पाणी आत इकडून तिकडे पळतं आणि पाण्याच्या वरच्या रेषेवर गंज सगळ्यात जोरात खातो.

हे सगळं गेजिंग झाल्यावर. अल्ट्रासोनिक मीटरने पूर्ण तळाची, बाजूंची, टँकटॉपची जाडी चौकटी आखून मोजायची. मूळ ८ मिलिमीटरचा पत्रा ६ वर आला असेल तर तिथे नवीन पत्रा हे गृहीत धरूनच बजेट करा. पाण्याच्या रेषेवरचा पट्टा आणि तळ व बाजू जुळतात तो बिल्जचा गोल भाग आधी जातो. आणि यार्डात जुन्या पत्र्यावर नवीन पत्रा चिकटवून देऊ म्हणाले (डबलर) तर तात्पुरती गळती थांबवायला ठीक, घरासाठी अजिबात नको, दोन पत्र्यांच्या मधे गंज चालूच राहतो.

दुर्भाटकरीण:
सेंटिमीटरला साडेसहा टन हा हिशेब आज वहीत पहिल्या पानावर लिहिला. त्यावरून मी लगेच पावसाचं गणित केलं. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस आपल्याकडे जुलैत नवीन नाही, ३२४ चौरस मीटरच्या उघड्या होल्डात ते ३२ टन पाणी होतं. म्हणजे आत्तापर्यंत प्रत्येक मोठ्या पावसात ती पाच सेंटिमीटर खाली जात होती आणि वॉचमन पंप लावून काढत होता. आणि छप्पर घातलं तर पूर्ण मोसमाचा ३००० मिलिमीटर पाऊस धरला तर साडेनऊ लाख लिटरच्या वर पाणी छपरावरून मिळतं. साइड टँकांपैकी दोन साफ करून त्यात साठवलं तर वापराच्या पाण्याचा टँकर मागवायला लागणार नाही. बॅलास्टचं गोडं पाणीही तिथूनच.

मास्टर, तुम्ही लोक मागच्या केबिनमध्ये उन्हाळ्यात कसे राहायचात?

निवृत्त_मास्टर:
राहायचो कुठे, एप्रिल-मेमध्ये सगळे डेकवर झोपायचे. दुपारी डेकवर अनवाणी पाय ठेवला तर फोड यायचा. ताडपत्री डेकच्या वर हातभर उंच बांधायची, डेकला टेकवायची नाही, मधून वारा गेला पाहिजे. तेवढ्यानेही खाली फार फरक पडतो. छपरावर तुम्ही कितीही महाग वस्तू लावा, वर दुसरी सावली पाहिजेच.

नेदरलँड्समधली_ताई:
मी मूळची म्हापशाची, बरीच वर्षं ॲम्स्टरडॅमजवळ राहते. इथे शहरात अडीच हजारांच्या आसपास हाऊसबोटी आहेत आणि त्यातल्या कित्येक जुन्या मालवाहू बोटी. दुसऱ्या महायुद्धानंतर घरांची टंचाई होती आणि लहान मालबोटींना काम उरलं नव्हतं, दोन्ही गरजा एकमेकींना मिळाल्या. माझ्या शेजारणीच्या बोटीत होल्डच बैठकीची खोली आहे, कोमिंगच्या वर काचा बसवल्यात, उजेड वरून खाली येतो, आत कोंडल्यासारखं वाटतच नाही.

पॅरिसचं एक उदाहरण तुम्ही नक्की बघा. लुईज-कॅथरिन नावाची बार्ज, पहिल्या महायुद्धाच्या काळात कोळसा वाहायला काँक्रीटची बांधलेली, ती १९२९ मध्ये ल कॉर्बुझिएने साल्व्हेशन आर्मी या धर्मादाय संस्थेसाठी बेघरांचा निवारा म्हणून बदलली. होल्डात ओळीने पलंग, जेवणाची खोली, वर लांबच्या लांब खिडक्या. चंदीगड ज्याने केलं तोच माणूस. ती बार्ज फेब्रुवारी २०१८ मध्ये सीनच्या पुरात बुडाली आणि २०२० मध्ये वर काढली. म्हणजे बुडाली ती तुमच्या बार्जचं काम बंद पडलं त्याच वर्षी.

इन्सुलेशनचं सांगायचं तर इकडे सगळे पत्र्यावर आतून स्प्रे फोम मारतात, नाहीतर हिवाळ्यात भिंतींना आतून पाणी सुटतं. तुम्हीही तळापासून वरपर्यंत मारा.

गेजिंगवाला:
ताईंचं तिकडच्या हवेसाठी बरोबर, पण गोव्यात तेच जसंच्या तसं केलं तर पैसे जातील आणि धोका वाढेल, म्हणून जरा लांब लिहितो.

तिकडे बाहेर थंडी, आत उबदार आणि दमट. स्वयंपाकाची, श्वासाची वाफ थंड पत्र्याला जाऊन लागते आणि पाणी होतं. आपल्याकडे नदीचं पाणी बाराही महिने कोमट, २७-२८ अंशांच्या जवळपास. जुलैत बाहेरच्या हवेत एवढा दमटपणा असतो की २५ अंशांच्या कुठल्याही पृष्ठभागावर तिचं पाणी होतं. पण तळाचा पत्रा त्यापेक्षा गरम आहे, त्याला पाणी सुटणारच नाही. सुटणार कुठे, तर तुम्ही एसी २० वर लावून जे प्लायवूडचं पॅनल गार कराल त्याच्या मागच्या बाजूला, कारण मागे बिल्जमधली, म्हणजे जमिनीखालच्या पोकळीतली, दमट हवा आहे. समोरून पॉलिश चकचकीत आणि मागून काळा बुरा. हॉटेलांच्या खोल्यांत पावसाळ्यात जो कुबट वास येतो ना, तो तोच.

म्हणून तळाला फोम नको, गरजच नाही. बाजूंनाही होल्डाच्या भिंतीला नदीचं पाणी लागत नाही, मधे दीड मीटरचे साइड टँक आहेत, पेटीतली पेटी आहे ती. भिंतीच्या वरच्या भागाला, जिथे बाहेरच्या बाजूला ऊन लागून टँकातली हवा तापते, तिथे आणि छपराला एवढंच इन्सुलेशन. छपराला मात्र भरपूर. जानेवारीत रात्री आभाळ निरभ्र असतं तेव्हा पत्रा बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो आणि पहाटे आतून थेंब पडतात, नुसत्या पत्र्याच्या शेडमध्ये झोपलेल्याला हे माहीत आहे. पफ पॅनलचं (दोन पत्र्यांमधे फोम असलेलं) छप्पर, उतार दोन्ही बाजूंना, आणि वर मास्टर म्हणतात तशी दुसरी सावली. एसी २६ वर, शिवाय डीह्युमिडिफायर, आणि बिल्जची हवा खोल्यांत न येता वेगळ्या पाइपने बाहेर.

फोम कमी करायचं आणखी एक कारण. पुढे कधी यार्डात बाहेरून वेल्डिंग झालं आणि त्या पत्र्याच्या आतल्या बाजूला फोम असला की तो पेटतो, धूर विषारी असतो, आणि खाली होल्डात माणूस असला तर वाचत नाही. सगळं गॅसकटिंग, वेल्डिंग आधी संपवायचं, त्यानंतर फोम. जिथे पुढे वेल्डिंग लागू शकतं तिथे स्क्रूने निघणारी पॅनलं.

नेदरलँड्समधली_ताई:
तिकडच्या पाण्याचा असा विचार केलाच नव्हता, पटलं. शेजारणीला इथे यार्डात नेताना लाकडी जमिनीचे ठराविक तुकडे काढून द्यावे लागतात, ते पहिल्यापासून सुटेच ठेवलेत. ती सवय मात्र घ्या.

दुर्भाटकरीण:
साइड टँक मधे आहेत म्हणजे बाजूच्या पत्र्यात खिडकी कापली तर ती टँकात उघडणार! मी प्लॅनमध्ये ओळीने गोल खिडक्या काढल्या होत्या, त्या आज सगळ्या खोडल्या. उजेड कोमिंगमधून आणि छपरातूनच. कोमिंग एक मीटर उंच आहे, त्यात लांब पट्टीसारख्या खिडक्या कापता येतील का? आमच्या जुन्या घराच्या खिडक्यांना शिंपल्याच्या काचा होत्या, घर पाडलं तेव्हा सासूबाईंनी त्या चौकटींसकट जपून ठेवल्यात. आता ते शिंपले काढता येत नाहीत, संरक्षित आहेत, त्यामुळे आहेत त्या मोलाच्या. आतून दुसऱ्या पडद्यासारख्या लावल्या तर दुपारचं ऊन मऊ होऊन खाली येईल.

गेजिंगवाला:
शिंपल्याच्या काचा आतून नक्की लावा. कोमिंग कापायचं मात्र जपून. ३६ मीटर लांब भोक असलेल्या डेकला ताठ ठेवणारी पट्टी म्हणजे कोमिंग. लांबलचक चौकोनी कापलंत तर बार्ज मधे वाकायला लागेल. लहान लहान खिडक्या, मधे भरपूर पत्रा, आणि प्रत्येक कोपरा मोठ्या गोलाईचा. चौकोनी कोपऱ्यातून तडा निघतो. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन लिबर्टी जहाजांना हॅचच्या (डेकमधल्या तोंडाच्या) चौकोनी कोपऱ्यांतूनच तडे गेले होते, आणि त्याच काळात शेनेक्टडी नावाचा नवा कोरा टँकर जानेवारी १९४३ मध्ये थंडीत धक्क्यालाच उभा असताना मधे तडकून जवळजवळ दोन तुकडे झाला. तिथे पोलाद आणि वेल्डिंगही वाईट होतं, पण कोपऱ्याचा धडा सगळ्यांनी तेव्हापासून घेतला. जास्त उजेड पाहिजे तर नवीन छप्पर कोमिंगच्या वर अर्धा-पाऊण मीटर उचला आणि त्या फटीत काच लावा, तिथे बार्जची ताकद अडकलेली नाही.

आणि इंजिनरूमचं व पुढचं बल्कहेड (होल्डाच्या टोकाची आडवी पोलादी भिंत), ही दोन, त्यांना दरवाजा पाडायचा नाही. येण्याजाण्याची सोय सगळी वरून. प्रत्येक खोलीतून बाहेर पडायला दोन वाटा, एक जिना आणि एक छपरातून उघडणारा हॅच शिडीसकट, सासूबाईंना चढता येईल अशी. धूर वर जातो आणि होल्डात वरच बाहेर पडायची वाट आहे, म्हणून दोन्ही वाटा एकाच टोकाला नकोत.

वायरमन_फोंडा:
माझ्या विषयाचं लिहितो. गॅस सिलिंडर होल्डात ठेवायचा नाही. एलपीजी हवेपेक्षा जड, घरात गळला तर दारातून तरी जातो, होल्डात गळला तर खाली बिल्जमध्ये जाऊन बसतो, वास वर येईपर्यंत उशीर. इंडक्शन वापरा, किंवा स्वयंपाकघर मागच्या वरच्या केबिनमध्ये करा.

धक्क्यावरून वीज घेताना आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालाच. नाहीतर धक्क्याचं अर्थिंग आणि तुमचा हल (बार्जचं बाहेरचं पोलादी अंग) यांच्यामधून नदीच्या पाण्यातून करंट फिरत राहतो आणि तळाचं लोखंड हळूहळू खातो. हलला ॲनोड (लोखंडाऐवजी स्वतः झिजणारे धातूचे तुकडे) लावतात ते झिंकचे खाऱ्या पाण्यात चांगले, पण आपल्या नद्या पावसात गोड्या आणि मार्च-एप्रिलमध्ये खाऱ्या, अशा मिश्र पाण्याला ॲल्युमिनियमचे ॲनोड बरे. वेल्डर आला की त्याची अर्थची क्लॅम्प कामाच्या अगदी जवळ लावून घ्या, लांब लावली की करंट भलतीकडून फिरतो. बिल्ज पंप दोन, वेगवेगळ्या बॅटरीवर, फ्लोट स्विच आणि भोंगा. लाइट गेली की पंप बंद असं होता कामा नये.

खारफुटी:
मी जरा वेगळ्या बाजूने लिहिते. बार्ज वाचावी असं मलाही वाटतं, पण नदी ही रिकामी प्लॉट नाही. कांदोळी-सिकेरीच्या किनाऱ्यावर जून २००० मध्ये रिव्हर प्रिन्सेस नावाची मोठी बोट रुतली ती दहा वर्षांहून जास्त तिथेच गंजत होती, किनाऱ्याचं काय झालं ते सगळ्या गोव्याने बघितलं. तुमची बार्ज उद्या तुम्हाला सांभाळता आली नाही तर ती कोण हलवणार, याचा विचार आणि पैसे आजच बाजूला ठेवा.

सांडपाणी हा माझा मुख्य मुद्दा. झुआरीच्या खाडीत लोक तिसऱ्या, कालवं, शिनाणे काढून पोट भरतात, हे जीव पाणी गाळून खातात, त्यात जे सोडाल ते ताटात येतं. एक थेंबही नदीत नको. शिवाय बार्ज जिथे बांधाल तिथे खारफुटी असेल तर तोडायची नाही आणि तिच्यावर सावलीही नको. ओहोटीला बार्ज चिखलात बसते का तेही बघा, रोज दोनदा बसत असेल तर तिथला तळ मरतो.

होल्डाच्या कोपऱ्यांत उरलेला लाल चिखल आणि खरवडलेला जुना रंगसुद्धा नदीत ढकलू नका. जुन्या रंगात शिसं असतं, ब्लास्टिंग (रेतीच्या माऱ्याने रंग काढणं) करताना माणसांना मास्क आणि खाली पूर्ण ताडपत्री पाहिजे.

दुर्भाटकरीण:
खारफुटी, तुमचं सगळं मान्य. सांडपाण्याचा हिशेब मी लगेच केला. माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात, पाच माणसांचं ६७५, महिन्याला वीस हजार लिटर, म्हणजे वीस टन. एका साइड टँकात साठवलं तर बार्ज त्याच बाजूला कलणार. म्हणून दोन्ही बाजूंना सारखे टँक आणि मधून जोडपाइप, त्यावर व्हॉल्व्ह. संडासाचं पाणी वेगळं, ते टँकर घेऊन जाईल. अंघोळीचं आणि कपड्यांचं पाणी छोट्या ट्रीटमेंट युनिटमधून काढून परत फ्लशला. नदीत काही जाणार नाही, हे मी नवऱ्याला आणि दिराला लेखी प्लॅनमध्ये घालूनच दाखवणार आहे.

चिखलात बसण्याचं मास्टर सांगतील, आत्ताच्या जागी मोठ्या ओहोटीला मागचा भाग टेकतो असं वॉचमन म्हणतो.

निवृत्त_मास्टर:
मग ती जागा घराला नको. चिखल तळाला धरून ठेवतो, भरती आली की एक बाजू आधी सुटते आणि दुसरी चिकटलेलीच, तेव्हा बार्ज कलते, आणि खाली दगड असला तर पत्रा आत दाबला जातो. आपल्याकडे उधाणाला पाणी दोन मीटरच्या वर चढउतार करतं. पाण्यात पाइल (उभे खांब) ठोकून त्याला सरकत्या कड्या लावायच्या, म्हणजे बार्ज वर-खाली होते पण बाजूला जात नाही. दोरावर ठेवलीत तर प्रत्येक भरती-ओहोटीला कुणीतरी दोर ढिले-घट्ट करायला पाहिजे, मध्यरात्रीसुद्धा. धक्क्यावरचा पूल चाकांचा आणि दोन्ही बाजूंना कठडा, ओहोटीला तो बराच उभा होतो.

कुडतरीचो:
परवान्यासाठी कुठे जायचं? केरळात भात वाहायच्या केट्टुवळ्ळमच्या हाऊसबोटी झाल्या, तसं आपल्याकडे का नाही?

गेजिंगवाला:
पणजीला बंदर कप्तान खात्यात. १९१७ चा जुना कायदा जाऊन आता इनलँड व्हेसल्स ॲक्ट २०२१ आलाय, बार्जची रचना किंवा वापर बदलायचा असेल तर काम सुरू करायच्या आधी नकाशे दाखवून मंजुरी घ्यावी लागते, काम झाल्यावर परत सर्व्हे. काठाला पाइल, धक्का, वीज आलं की सीआरझेडचा (किनारपट्टी नियमन क्षेत्राचा) विषय वेगळा, त्याचा अर्ज वेगळा. मांडवी, झुआरी आणि कुंभारजुवे कालवा २०१६ पासून राष्ट्रीय जलमार्गही आहेत, त्यामुळे चॅनेलच्या आड येणारी जागा मिळणार नाही. हे सगळं नेव्हल आर्किटेक्टच्या सहीशिवाय हलत नाही, तेव्हा तो आधी धरा. केरळचं म्हणाल तर ती लाकडी वळ्ळं लहान, उथळ बॅकवॉटरला फिरणारी, त्यांचं आणि साठ मीटरच्या पोलादाचं गणित वेगळं.

दुर्भाटकरीण:
आज घरात सगळ्यांना बसवून तुमचं लिहिलेलं वाचून दाखवलं. दीर मास्टरांचा टँकांवरचा मजकूर ऐकून बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले ब्लोअर आणि मीटर आल्याशिवाय मॅनहोलला पाना लावायचा नाही. ठरलंय असं की आधी टँकांची हवा, मग गेजिंग, आणि जाडीचे आकडे हातात आल्यावरच बाकीचं. तळाचा अर्ध्याहून जास्त पत्रा बदलावा लागतोय असं निघालं तर मी स्वतः सासूबाईंना सांगेन की हिला सोडूया, खोटी आशा लावून पैसे घालवायचे नाहीत. पण पत्रा चांगला निघाला तर पुढचं सगळं मी उभं राहून करून घेणार, अगदी ब्लॉकच्या रबरी पट्ट्यांपर्यंत. सासूबाईंनी एकच विचारलं, स्वयंपाकघर वर केबिनमध्ये होणार ना, मग तिथून नदी दिसेल ना. दिसेल.

मास्टर, यार्डात ओढून न्यायची तर कधी?

निवृत्त_मास्टर:
पावसाच्या आधी सगळ्यांना स्लिपवे (बार्ज पाण्यातून वर ओढायचा यार्डातला उतार) पाहिजे असतो, तेव्हा एप्रिल-मेची वाट बघू नका, दिवाळीनंतर लगेच नंबर लावा. अमावास्या किंवा पौर्णिमेच्या मागेपुढे उधाणाची भरती बघून तारीख घ्या, तुमची बार्ज मागे बसते, त्या दिवशी पाणी कमी मिळालं तर स्लिपवर चढताना शेपटी घासेल. न्यायच्या आदल्या दिवशी होल्डातलं पाणी पूर्ण काढा, पुढच्या टँकात थोडं पाणी घालून शेपटी उचलून घ्या, टग पुढे एक आणि बाजूला एक, आणि ओढत असताना होल्डात किंवा खाली टँकात कुणी नाही. त्या दिवशी मला कळवा, मी येतो, व्हीलहाऊसमध्ये उभा राहीन.

दुर्भाटकरीण:
नक्की कळवते. गेजिंगवाला, तुमच्या ओळखीत मोजणी करणारं कुणी असेल तर मला व्यक्तिगत निरोपात लिहा, आणि ऑक्सिजन मीटर भाड्याने मिळतं का तेही. ब्लोअर वायरमन देतो म्हणालेत.